युरोपातली पीएचडी: जाहिरात खरोखर फंडेड आहे हे ओळखायचं कसं?

शेवग्याची_शेंग:
एम.टेक. थर्मल. बॅटरी कूलिंगमध्ये पीएचडी करायची आहे, घरचे पैसे घालायचे नाहीत. फाइंडअपीएचडीवर जाहिराती ढीगभर दिसतात, पण आत गेलं की फी तुम्हीच भरा म्हणतात. नेमकं कुठे शोधायचं? जर्मनीत ६ महिन्यांची इंटर्नशिप झाली आहे.

उष्मागतिक:
तिथे प्रत्येक प्रोजेक्टवर फंडिंगची पाटी असते, आधी ती वाचा. 'सेल्फ-फंडेड' म्हणजे खिसा तुमचा. 'यूके स्टुडंट्स ओन्ली' सोडून द्या. 'कॉम्पिटिशन फंडेड'मध्ये पैसा त्या प्रोजेक्टचा नसतो, बऱ्याच प्रोजेक्टांचे उमेदवार एकाच निधीसाठी झुंजतात. 'फंडेड, स्टुडंट्स वर्ल्डवाइड' असेल तरच पुढे वाचा, तेही बारीक अक्षरांसकट. निधी 'होम फी'पुरताच, म्हणजे ब्रिटिश विद्यार्थ्यांच्या फीइतकाच, असला तर स्टायपेंड मिळूनही परदेशी फीचा फरक तुमच्या गळ्यात पडतो. तो फरक विद्यापीठ माफ करतं का, हे अर्जाआधी ईमेलनं विचारून घ्या. तुमच्या विषयाला एटास प्रमाणपत्र (संवेदनशील तांत्रिक विषयांसाठी ब्रिटिश सरकार परदेशी विद्यार्थ्यांना देतं ती सुरक्षा-मंजुरी) लागण्याची शक्यता मोठी. ते फुकट आहे, पण कामकाजाचे किमान ३० दिवस हाताशी ठेवा.

पवनचक्की:
पण यूकेच का? जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडनमध्ये पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरी असते. म्हणून जाहिरात अॅडमिशनच्या पानावर सापडत नाही, नोकऱ्यांच्या पानावर सापडते. नेदरलँड्ससाठी अकॅडेमिकट्रान्सफर, युरोपभरासाठी युरॅक्सेस ही संकेतस्थळं बघा. जर्मन जाहिरातीत 'टीव्ही-एल ई१३' या सरकारी वेतनश्रेणीपुढची टक्केवारी बघा. ५०% म्हणजे पगार अर्धा. दुपारी लॅबमधून घरी सोडतील अशा भ्रमात राहू नका.

युरॅक्सेसवर मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या (युरोपियन युनियनच्या पैशातून अनेक देशांतल्या संस्था मिळून चालवतात त्या) जागाही येतात. अट अशी, की नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत, जागा ज्या देशात आहे तिथे १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा काम-शिक्षण केलेलं नसावं. इंटर्नशिप मोजली जाते, पण ६ महिने चालतील. जर्मनीत दोन वर्षं नुकतं एम.एस. केलेल्याला तिथली जागा मिळत नाही, त्याच नेटवर्कमधली डच जागा मात्र मिळू शकते. हे न बघता केलेले अर्ज थेट बाद होतात.

गणपुले_नाही:
जाहिरातीची वाटच कशाला बघता? पैसा कुठे आला ते शोधा. निधी मिळालेल्या प्रकल्पांच्या याद्या ऑनलाइन असतात: युरोपियन युनियनचे प्रकल्प कॉर्डिसवर, डीएफजी या जर्मन संशोधन-निधी संस्थेचे गेप्रिसवर, ब्रिटिश गेटवे टू रिसर्चवर. विषय टाकून नुकतेच सुरू झालेले प्रकल्प काढा. ईआरसी (युरोपियन रिसर्च कौन्सिल) तरुण संशोधकांना देते ती स्टार्टिंग ग्रँट जास्तीत जास्त ५ वर्षांची असते, माणसं बहुधा सुरुवातीलाच घेतात. चौथ्या वर्षी ईमेल केलीत तर तीन-चार वर्षांच्या पगाराला पैसा कुठून उरणार?

ईमेलच्या विषयात प्रकल्पाचं नाव, मजकूर २०० शब्दांच्या आत, सीव्ही आणि मार्कलिस्ट एकाच पीडीएफमध्ये. 'रिस्पेक्टेड सर, युअर एस्टीम्ड लॅब' नको. कोणतं मॉडेल कशात बांधलं, प्रयोगाशी ताळा किती टक्क्यांत जुळला, एवढं लिहा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.