मदत हवी आहे : लेकीची पहिली गाडी, कोकणातला पाऊस

नमस्कार मंडळी,

आम्ही देवगडजवळ जामसंड्याला राहतो. लेकीला गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाली, लायसन्स निघालं. आता ती कणकवलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. गेला पावसाळा एसटीने काढला. प्रॅक्टिकल लांबलं की गाडी चुकायची, मग ती नांदगाव तिठ्यावर भिजत उभी आणि मी इकडे फोन हातात धरून. शिवाय महिन्यातून एकदा सासूबाईंना फोंडा घाटातून कोल्हापूरला न्यावं लागतं, तेही आता तीच करेन म्हणते. मृगाच्या आत गाडी घ्यायची आहे. बजेट साडेचार लाख, म्हणजे वापरलेलीच.

समोर दोन गाड्या आहेत.

एक माझ्या थोरल्या भावाची, २०१२ ची, उंच आणि दणकट. दादा म्हणतो, "मोठी गाडी आसली की कसलीच भीती नाय." पण तिला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅगही नाही. दुसरी २०२० ची टियागो, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग, दोन एअरबॅग आणि एबीएस. टियागोला २०२० च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत (गाडी आदळवून बघतात ती) मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी ४ तारे मिळाले होते.

माझं मन टियागोकडे आहे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल, धूळ आणि जांभ्याची लाल माती एकत्र होते, त्यात मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी गळत असतं. अशा वळणावर नवशिक्या पोरीने घाबरून ब्रेक दाबला आणि चाकं जाम झाली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. एबीएस नेमकं तेच होऊ देत नाही.

माझी नणंद अमेरिकेत मिनेसोटाला असते. मुलाच्या पहिल्या गाडीसाठी तिने आधी बर्फाचे टायर घेतले, कारण सात अंश सेल्सिअसखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड कमी होते. ती म्हणाली, चारही चाकांना जोर देणारी गाडी निघताना कामाला येते, थांबताना नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पण थांबायचा प्रश्न तोच आहे ना?

टियागो घेण्याआधी नेमकं काय तपासू? पोरीचा जीव आहे, म्हणून एवढं सविस्तर विचारतेय.

प्रतिसाद : वाशिष्ठीकाठचा

ताई, एमएच ०८ वाचलं म्हणून लगेच लिहितोय. २२ जुलै २०२१ ला आमच्या चिपळुणात पुराचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून पुन्हा विकल्या गेल्या. तुमची तशी असेलच असं नाही, पण बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळलेला असतो त्या भागावर चिखलाची रेघ दिसते का बघा. सीटखालचे रूळ आणि स्क्रू गंजलेत का? मॅट उचलून कार्पेटखालचा फोम हाताने दाबा. डिकीतली स्टेपनी काढा, त्या खोबणीतला गाळ धुवायचा बहुतेकांकडून राहतो. काचा बंद करून एसी लावा, कुबट वास येतो का ते कळेल. २०२१ नंतरच्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) मध्येच शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा.

इंजिन दुरुस्त होतं हो. पण बुडालेल्या गाडीत एअरबॅगच्या आणि एबीएसच्या वायरी, जोडण्या आतून सडतात. ज्या दोन गोष्टींसाठी तुम्ही ही गाडी घेताय, त्याच ऐनवेळी दगा देतील.

प्रतिसाद : घाटवाट

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२२० म्हणजे २०२० चा बत्तिसावा आठवडा. टायर मूळचेच असतील तर चारही बदला, त्याचे पैसे बजेटमधून आधीच बाजूला काढा. कायद्याला टायरची नक्षी १.६ मिमी खोल असली तरी चालते, आपल्या पावसात ३ मिमीलाच टायर बदललेला बरा. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायला शिकवा, नुसत्या ब्रेकवर नको. खाऱ्या हवेने पत्रा खालून खातो, तेव्हा गोड्या पाण्याने गाडीचं पोट धूत राहा.

धागाकर्ती :

काल मेकॅनिकला घेऊन गाडी बघून आले. सीटबेल्ट स्वच्छ होते, बहुधा नवेच. स्टेपनीच्या खोबणीत वाळलेला गाळ निघाला, करड्या रंगाचा. विकणारे म्हणाले, बागेतली माती. आमच्या बागेतली माती लाल असते. सीटचे रूळही गंजलेले होते. गाडी सोडून दिली.

वाशिष्ठीकाठच्या दादांनू, तुमचे उपकार विसरणार नाही. थोरल्या भावाची गाडी लेकीला द्यायची नाही, हेही घरात सांगितलं. कुडाळ, सावंतवाडीकडे कुणाची २०२० नंतरची, एबीएस आणि दोन एअरबॅगवाली छोटी गाडी विकायची असेल तर इथेच कळवा. मे संपायला तीन आठवडे आहेत.