१८५१ चा अमेरिकन लार्ज सेंट, आईने चिंचेनं घासलाय. ग्रेड काय धरायची?

कोपरीचा_बंड्या

नमस्कार मंडळी, मी इथे नुसता वाचत असतो, लिहायची ही पहिलीच वेळ त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मामा मर्चंट नेव्हीत होता, दोन वर्षांपूर्वी गेला, मामीने त्याचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे दिला, आत बंदराबंदरांतून आणलेली नाणी. बरीचशी चिल्लर आहे पण एक तांब्याचं मोठ्ठं नाणं निघालं, आपल्या जुन्या पाव आण्यापेक्षा मोठं, एका बाजूला बाईचा चेहरा आणि कडेने चांदण्या, खाली १८५१, दुसऱ्या बाजूला पानांच्या माळेत वन सेंट. म्हणजे ठाण्याला पहिली आगगाडी यायच्याही दोन वर्षं आधीचं! शोधलं तर कळलं याला लार्ज सेंट म्हणतात.

आता मुद्दा. आईला भावाची आठवण म्हणून ते देवघरात ठेवायचं होतं, आणि दसऱ्याच्या आधी तांब्या-पळीबरोबर तिने तेही चिंच-मीठ लावून घासलं. मी ऑफिसातून आलो तर चकाचक. मला तर वाटलं भारी झालं. मग मुंबईत एका प्रदर्शनात एका डीलरला दाखवलं, त्याने भिंग न लावताच 'एक्सएफ ४५ आहे' सांगितलं आणि वर म्हणाला हे मला द्या, वर थोडे पैसे टाका, मी तुम्हाला १७९९ चा देतो, तो फार रेअर असतो. मी विचार करून सांगतो म्हणून सटकलो. तर प्रश्न असा की एक्सएफ ४५ म्हणजे नक्की काय, हे आकडे कुठून आले, माझं नाणं खरंच तेवढं आहे का, आणि तो १७९९ चा घेऊ का?

शिवराईवेडा

बंड्याभाऊ सटकलात ते बेस्ट केलंत. १७९९ हा लार्ज सेंटमधला सगळ्यात अवघड तारखांपैकी एक, आणि म्हणूनच १७९८ च्या नाण्यातला शेवटचा ८ कोरून ९ केलेले तुकडे शंभर वर्षांहून जास्त काळ फिरतायत. कोणी अनोळखी माणूस 'थोडे पैसे टाका' म्हणून १७९९ देत असेल तर तो एक तर संत आहे किंवा तुम्हाला बकरा समजतोय. आणि उद्या कोणी १८१५ चा दाखवला तर चहा पिऊन घरी या, कारण त्या तारखेचा सेंट पाडलाच नाही. १८१२ ला इंग्लंडशी युद्ध सुरू झालं आणि तांब्याच्या कोऱ्या चकत्या बर्मिंगहॅमहून यायच्या त्याच बंद झाल्या. १७९३ ते १८५७ मध्ये तेवढं एकच वर्ष रिकामं आहे.

तुमच्या नाण्याचं आधी वजन करा, जांभळी नाक्याला ओळखीचा सोनार असेल तर त्याच्या काट्यावर, किचनच्या काट्यावर नको. १०.८९ ग्रॅम हे मूळ वजन, झिजलेलं म्हणून थोडं कमी भरेल. व्यास साडेसत्तावीस मिमीच्या आसपास. लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर विषय संपला. अजून एक सोपी गोष्ट, नाणं चेहरा सरळ ठेवून वरून खाली पलटवा, मागची बाजू सरळ दिसली पाहिजे. आपलं दहा रुपयाचं नाणं तसं पलटवलं तर उलटं दिसतं. बऱ्याच नकली मालात हे गंडलेलं असतं.

खाडीकाठ_ऐरोली

च्यायला १८५१ चं अमेरिकन नाणं ठाण्यात! मला तर वाटतंय बर्फाबरोबर आलं असणार. १८३० च्या दशकापासून बोस्टनहून जहाजं भरून बर्फ मुंबईला यायचा, लाकडाच्या भुशात गुंडाळून, त्यातल्याच कुठल्या खलाशाच्या खिशातून पडलं असेल. फोटो टाका ना.

शिवराईवेडा

@खाडीकाठ मामा मर्चंट नेव्हीत होता असं पहिल्याच ओळीत लिहिलंय हो त्यांनी 😄 कुठल्या तरी बंदरातल्या जुन्या बाजारातून घेतलं असेल. बर्फ वितळला तो वितळला.

जुनं_तांबं

बंड्या, मी नौपाड्यात राहतो आणि वयाने बहुतेक तुझ्या मामाच्याच बरोबरीचा आहे म्हणून अरेतुरे करतो, रागावू नकोस. तीस वर्षं तांब्याची नाणी जमवतोय, त्यातली चार-पाचच अमेरिकन आहेत, पण ग्रेडिंग कशाशी खातात ते मला शिवराईने नाही, ह्या लार्ज सेंटनेच शिकवलं.

आधी आकड्यांचं. विल्यम शेल्डन नावाचा एक डॉक्टर होता, मानसशास्त्रवाला, आणि लार्ज सेंटचा वेडा. त्याने १९४९ साली १ ते ७० अशी पट्टी काढली. सत्तरच का? तर त्याच्या हिशोबात १७९४ चा अगदी घासून गुळगुळीत झालेला, जेमतेम ओळखू येणारा सेंट म्हणजे १, त्याची किंमत एक डॉलर, आणि तोच टांकसाळीतून आत्ता बाहेर पडल्यासारखा असेल तर त्याची किंमत सत्तर डॉलर. म्हणजे आकडा हा मुळात किमतीचा गुणाकार होता! किमतींचं ते गणित काही वर्षांतच कोलमडलं, पण आकडे राहिले ते राहिलेच, आणि आज चांदीचं सोन्याचं सगळं त्याच पट्टीवर मोजतात. ४ म्हणजे गुड, ८ व्हेरी गुड, १२ फाइन, २० ते ३५ व्हीएफ म्हणजे व्हेरी फाइन, ४० आणि ४५ एक्सएफ म्हणजे एक्स्ट्रीमली फाइन, पन्नाशीत एयू म्हणजे जवळजवळ न वापरलेलं, ६० च्या पुढे न वापरलेलं. गंमत बघ, 'गुड' म्हटलं की आपल्याला चांगलं वाटतं, नाण्यात गुड म्हणजे म्हातारपण.

आता तुझं नाणं. १८३९ पासून १८५७ पर्यंतच्या डिझाइनला ब्रेडेड हेअर म्हणतात, ख्रिश्चन गोब्रेख्टचं काम. बघायचं कुठे? मुकुटावर लिबर्टी लिहिलंय त्याची अक्षरं पूर्ण आहेत का, अंबाड्याला मण्यांची दोरी बांधलेली आहे तिचे मणी सुटे दिसतात का, कानावरच्या आणि कपाळाजवळच्या केसांच्या बटा वेगळ्या कळतात का. बट आणि मणी दोन्ही खणखणीत असेल तर एक्सएफ म्हणता येईल. मणी मधूनमधून एकमेकांत मिसळले असतील, बटा उंच जागी सपाट झाल्या असतील तर व्हीएफ. मण्यांची नुसती पट्टी उरली असेल तर फाइनच्या वर जाऊ नकोस. दहापट भिंग पुरे, आणि दिवा एका बाजूने तिरका धर, ट्यूबलाइटच्या खाली सगळी नाणी सारखीच दिसतात.

पण खरी गोची ह्यात नाहीच. तू लिहिलंयस चकाचक. तर्काने विचार कर, ज्या नाण्याचे केस झिजलेत ते नाणं वर्षानुवर्षं लोकांच्या हातात, खिशात, गल्ल्यात फिरलंय. असं नाणं लाल कसं राहील? तांबं हवेनं आणि घामानं काळपट-तपकिरी होतंच, आणि ती तपकिरी त्वचा म्हणजेच त्या नाण्याचा पृष्ठभाग. चिंचेतलं आम्ल नेमकी तीच त्वचा विरघळवतं, देवाच्या तांब्यावर आपल्याला तेच हवं असतं म्हणून तर घासतो आपण. टांकसाळीचा मूळ लाल रंग वेगळा असतो, नाणं फिरवलं की त्याच्यावर उजेडाच्या पट्ट्या चाकाच्या आऱ्यांसारख्या फिरतात. घासलेल्यावर फिरत नाहीत, ते सगळीकडून एकसारखं गुलाबी दिसतं, एसीवाला नवीन पाइप लावतो ना तसं. म्हणूनच तांब्याच्या नाण्यात आकड्यापुढे बीएन, आरबी, आरडी असं लिहितात, ब्राऊन, रेड-ब्राऊन, रेड. व्हीएफ आणि रेड हे एकत्र येऊच शकत नाही, आलं तर ते घासलेलं.

लार्ज सेंटवाल्यांचा अमेरिकेत एक क्लब आहे, अर्ली अमेरिकन कॉपर्स, १९६७ पासून. त्यांची रीत मला फार आवडते. आधी फक्त झीज बघून आकडा द्यायचा, त्याला शार्पनेस म्हणतात. मग नाण्याला जे जे झालंय, घासणं, खड्डे, कडेला ठोकर, हिरवं कीट, त्या सगळ्याचं वजा करायचं आणि उरेल तो नेट. ह्यात कोणाला फसवायला जागाच नाही कारण दोन्ही आकडे समोर असतात. तुझ्या डीलरने शार्पनेससुद्धा भिंगाशिवाय सांगितला आणि वजाबाकी तर केलीच नाही. म्हणजे तू रोख पैशात विकायला गेला असतास तर तो 'घासलेलं आहे' म्हणाला असता, अदलाबदलीत घेताना मात्र एक्सएफ... जाऊ दे. (खरं तर घेताना चढवून सांगतात तेव्हा जास्त सावध राहायचं, कारण मोबदल्यात दुसरं काहीतरी गळ्यात मारायचं असतं.)

आता पुढे काहीही करू नकोस. नेटवर गंधकाचं मलम लावून पुन्हा काळं करायचे व्हिडिओ आहेत, त्याच्या नादी लागू नकोस, ते रंगवलेल्या केसांसारखं लगेच कळतं. मिठाचा अंश राहिला असेल तो डिस्टिल्ड पाण्यात बुडवून काढ, दोन-तीनदा पाणी बदल, टिपून कोरडं कर, पुसू नकोस. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नकोस, त्याने हिरवा चिकट थर धरतो. आपल्या इथल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच.

बेलापूर_लोकल

काकांनी मस्त समजावलं पण मला एक कळत नाही, एवढी चर्चा कशाला, सरळ पीसीजीएस किंवा एनजीसी ह्या ग्रेडिंग कंपन्यांना अमेरिकेत पाठवून स्लॅब करून (ग्रेड लिहिलेल्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत घालून) घ्या ना, ते जे लिहितील ते फायनल. आपण इथे बसून व्हीएफ की एक्सएफ करत बसायचं म्हणजे फोटो बघून स्थळ पसंत करण्यासारखं आहे.

जुनं_तांबं

पाठवणार कसं? शंभर वर्षांच्या वरचं नाणं आपल्याकडे १९७२ च्या कायद्यात पुरावशेष धरलं जातं, आणि ते खासगी माणसाने देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. नाणं अमेरिकेचं आहे म्हणून सुटका होत नाही. टपालात घालून 'जुनं टोकन' असं लिहिणारे आहेत माहितीत, तुम्ही ते करू नका. आणि समजा पाठवता आलं असतं तरी घासलेल्या नाण्याला ते आकडा देत नाहीत, 'एक्सएफ डिटेल्स, क्लीन्ड' एवढंच लिहून देतात, म्हणजे फी भरून आपण आत्ता जे बोलतोय तेच छापून मिळणार. १८५१ ला तर हे सेंट जवळजवळ ९८ लाख ९० हजार पाडलेत. छान तपकिरी व्हीएफ असला तरी काही हजारांचं काम आहे.

शिवराईवेडा

+१. फक्त एक राहिलं, बंड्याभाऊ तारीख भिंगाखाली नीट बघा. १८५१ मध्ये एक प्रकार आहे, कामगाराने साच्यावर तारीख आधी उलटी ठोकली आणि मग सरळ करून तिच्यावरच पुन्हा ठोकली, त्यामुळे आकड्यांमागे उलट्या आकड्यांचे अवशेष दिसतात. १८५१ ओव्हर ८१ म्हणतात त्याला. १८४४ मध्ये पण सेम घोळ झालाय. साहेब सोमवारचे आले असणार कामाला.

कोपरीचा_बंड्या

मंडळी मनापासून आभार, विशेष करून काकांचे, आणि अरेतुरेच करा, बरं वाटलं. काल संध्याकाळी सोनाराकडे गेलो, वजन १०.६ ग्रॅम, चुंबकाला चिकटत नाही, पलटवलं तर मागची बाजू सरळ. म्हणजे अस्सल दिसतंय. भिंगातून लिबर्टी पूर्ण वाचता येतंय, मणी डावीकडचे सुटे आहेत आणि मागचे एकमेकांत गेलेत, कानावरच्या बटा चपट्या झाल्यात. तारखेमागे उलटंबिलटं काही नाही, दहा वेळा बघितलं. आणि रंग काका म्हणाले तस्साच, पाइपसारखा गुलाबी, उजेडाच्या पट्ट्या फिरत नाहीत. गालावर तर घासल्याच्या बारीक रेघा एकाच दिशेने गेल्यात, आईचा हात कसा फिरला तेही कळतंय त्यावरून.

जुनं_तांबं

तुझ्या वर्णनावरून शार्पनेस २५, फार तर ३०. रेघा आहेत म्हणतोस तर नेट मी १० धरीन, कोणी दिलदार असेल तर १२. कुठे लिहून ठेवशील तर दोन्ही आकडे लिही आणि 'घासलेलं' हा शब्दही लिही. विकायचं नाहीये ना? मग देवघरात राहू दे खुशाल, आईला म्हणावं फक्त हळदकुंकू थेट नाण्यावर नको.

डब्यात अजून तांब्याचं काही आहे का रे? विचारायचं कारण असं की ज्या बर्मिंगहॅमच्या बोल्टनकडून अमेरिकेच्या टांकसाळीला कोऱ्या चकत्या जायच्या, त्याच्याच सोहो टांकसाळीत आपल्या मुंबई इलाख्यासाठी १७९१ ला तांब्याची नाणी पाडून जहाजाने पाठवली होती. एका बाजूला कंपनीचं चिन्ह आणि साल, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. मामा नाण्यांचा शौकीन असेल तर एखादं सुटलं नसणार त्याच्या हातून, आणि तपकिरी रंगात असेल तर ते तुझ्या सेंटपेक्षा मला जास्त बघायला आवडेल.

कोपरीचा_बंड्या

काका तराजूवालं आहे एक. मी आत्ताच देवघरात जाऊन बघून आलो. तेही चकाचक आहे.

खाडीकाठ_ऐरोली

😭😭

जुनं_तांबं

साल कुठलं आहे तेवढं सांग. आणि उरलेला डबा आजच्या आज कपाटात ठेवून कुलूप लाव, दिवाळी यायचीये अजून.