पारुळकर सरहद्दीजवळ पोचूनही सापडले कसे?

परभणीकर: एसपीआयच्या (सैन्यात अधिकारी व्हायची तयारी करून घेणारी सरकारी संस्था) मुलाखतीला बसणाऱ्या पोरांसाठी टिपण करायलोय. १९७१ च्या युद्धात पाडाव झालेले आपले हवाईदलाचे वैमानिक दिलीप पारुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी रावळपिंडीच्या छावणीतून निसटले. भारताची हद्द सोडून पश्चिमेला का गेले? अन् नेमकं चुकलं कुठं?

गोदाकाठ: पूर्वेला युद्धानंतर फौज ठाण मांडून होती, सुरुंगही पेरलेले. पेशावरला मात्र सरळ बस जायची, आणि तिथून अफगाण हद्दीवरचं तोरखम म्हणजे आपलं संभाजीनगर ते जालना.

छावणीच्या भिंतीला भोक कसं पाडलं, ते टिपणात नीट घ्या. विटांमधला मसाला खरवडून एकेक वीट मोकळी केली. बाहेरचा गिलावा शेवटच्या रात्रीपर्यंत ठेवला, नाहीतर पहारेकऱ्याला भोक दिसलं असतं. १३ ऑगस्ट १९७२ ला मध्यरात्रीनंतर, वादळात बाहेर पडले.

दिशा कळायला होकायंत्र केलं ते शिवायच्या सुईचं. सुई चुंबकावर एकाच दिशेनं घासायची. मागंपुढं घासली की चुंबकत्व टिकत नाही. लोखंडी खाट किंवा गजाजवळ धरली तर दिशा चुकलीच म्हणून समजा.

नकाशावाला: घात लंडी खाना ह्या स्टेशनानं केला. खैबर खिंडीतल्या लंडी कोतलपर्यंत रेल्वे १९२५ ला आली, पुढं लंडी खानापर्यंत १९२६ ला. हा शेवटचा तुकडा १९३२ लाच बंद पडला, पण जुन्या नकाशावर स्टेशन होतंच. यांनी लंडी कोतलमध्ये तिथं जायची गाडी विचारली. चाळीस वर्षं बंद असलेलं स्टेशन गावातला माणूस कशाला विचारील? त्यात त्या काळात पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेनं काबूलकडं पळत होते, म्हणून अनोळखी माणसावर आधीच डोळा. तहसीलच्या कारकुनानं हटकलं. तोरखम तिथून जेमतेम ८ किलोमीटर!

नकाशा कोणत्या सालचा, हे आधी बघायचं असतं. मुलाखतीत ह्यावर उपप्रश्न येऊ शकतो.

परभणीकर: पकडल्यावर गोळी कशी घातली नाही?

गोदाकाठ: धोका होताच. पारुळकरांनी पाकिस्तानी हवाईदलप्रमुखांच्या एडीसीला (दिमतीचा अधिकारी), उस्मान हमीदला, फोन लावायला लावला. तो आधी ह्याच छावणीचा प्रमुख होता. त्यामुळं हे युद्धकैदी आहेत हे पक्कं झालं.

कायदा तिसऱ्या जिनिव्हा कराराचा, १९४९ चा. पळून जायचा प्रयत्न फसला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त ३० दिवस. साधे कपडे घालणं, खोटी कागदपत्रं करणं हेसुद्धा त्यातच मोडतं. पळताना कुणाच्या जिवाला इजा केली की मात्र हे संरक्षण जातं. तिघं बाकीच्यांसोबत १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून परतले.