मदत हवी आहे: भरताला पाणी सुटतंय, रविवारी माणसं जेवायला आहेत

तापीकाठ: दोन शनिवार झाले, भरीत बिघडतंय. ताटात वाढलं की दोन मिनिटांत कडेनं पाणी सुटतं आणि पुरी खालून भिजते. यावलजवळ ओळखीतल्या एकाचं दीड एकर आहे, तिथून दर शनिवारी सकाळी पिशवी येते. वांगी, कांद्याची पात, मेथी, मिरच्या. मेथीच्या मुळांची माती ओली असते, इतका ताजा माल, त्यामुळे वांग्यात खोट काढू नका. रविवारी पुण्याहून १२ जण येताहेत, त्यांना 'खरं खानदेशी भरीत' हवंय. बेसन घालून घट्ट करा असं कृपया सांगू नका. काय चुकतंय तेवढं सांगा. लवकर.

पऱ्हाटी: भो, वांगं कोनतं शे ते सांग ना पहिले.

धुळेकर_सुगरण: ताई, गॅसवर भाजता की काड्यांवर?

तापीकाठ: वांगं हिरवंच, अजून कोणतं असणार? गॅसवर. आणि मी ताई नाही.

धुळेकर_सुगरण: बरं, भाऊ. पुण्या-मुंबईकडे जांभळ्याचं करतात, म्हणून विचारणं भाग होतं. माझं स्पष्ट मत: गॅसवर भाजायचं असेल तर भरीत करूच नका, शेवभाजी करा. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजा, लसूण-आलं घालून बारीक वाटा, तेल सुटेपर्यंत परता, काळा मसाला घाला, रस्सा उकळला की वाढताना वरून तिखट जाडी शेव. बारा काय, वीस माणसं जेवतील.

तापीकाठ: शेवभाजी कुणी विचारली?

माहितगार_जळगाव: जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ही वांगी मोठी, फिकट हिरवी, बिया कमी आणि गर जास्त.

तापीकाठ: अभिमान आहे. पण मानांकनानं पाणी आटत नाही.

कोथरूडकर: फोडणीत दोन टोमॅटो घाला आणि सगळं आटवा. आमच्याकडे भरीत असंच होतं आणि छान होतं.

पऱ्हाटी: टोमॅटो?? भरतात??? पाणी सुटतंय म्हणून अजून पाणी घालायचं?

कोथरूडकर: आटवायचं म्हटलंय. वाचा आधी. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

पऱ्हाटी: असू द्या. तिला भरीत म्हणू नका.

बामणोदची_लेक: तुमचं चालू द्या. तापीकाठ, भाजून झाल्यावर काय करता ते एकदा सगळं लिहा. गॅसवर ठेवल्यापासून ताटात येईपर्यंत.

तापीकाठ: लिहिण्यासारखं काय आहे त्यात? तेल लावून मंद आचेवर भाजतो, साल फार करपू देत नाही. गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून पंधरा मिनिटं तोंड बांधून ठेवतो. साल पटकन निघते, व्हिडिओत पाहिलं होतं. मग मिक्सरला एक फेरा, मीठ, नंतर फोडणी.

बामणोदची_लेक: हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर दिवस वाचला असता. चार चुका आहेत, आणि वांगं बिचारं निर्दोष आहे.

वांग्यात शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच असतं. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ मोठा असतो, साल तडकते, वाफ निघून जाते. तुम्ही मंद आचेवर ठेवता म्हणजे वांगं आतल्या आत उकडतं. वर पिशवी बांधून उरलेली वाफ परत त्यातच जिरवता. मिक्सर गराचे धागे तोडतो, मग धरलेलं पाणीही सुटतं. आणि मीठ आधी घातलं की राहिलेलं बाहेर येतं.

गॅस मोठा करा. फुटू नये म्हणून सुरीच्या टोकानं तीन-चार टोचे मारा आणि साल पूर्ण काळी होऊन पापुद्रा सुटेपर्यंत फिरवत राहा. देठाजवळ दाबून पाहा, तिथंच कच्चं राहतं. मग पिशवी नाही, झाकण नाही. पोटाला एक उभी चीर देऊन चाळणीत तिरपं ठेवा, खाली ताट. तपकिरी पाणी टपटप गळेल, ते फेकून द्या. गर लाकडी बडगीत ठेचा, नसेल तर परातीत वाटीच्या बुडानं. तेलात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मग पात, पात मऊ पडायच्या आत गर. मीठ वाढायच्या आधी.

माहितगार_जळगाव: बडगी नव्हे, बडजी.

बामणोदची_लेक: आमच्या घरात बडगीच. तुमच्या घरी बडजीत ठेचा, चव तीच लागते.

धुळेकर_सुगरण: गॅसवर धुराचा वास येणार आहे का पण? तेवढंच माझं म्हणणं होतं.

बामणोदची_लेक: नाही येणार, ते खरं. अंगण असेल तर काड्याच पेटवा. यावलहून पिशवी येते तर मोळीही येईल की.

शिकाऊ_गृहिणी: कळण्याच्या भाकरीच्या पिठाला ज्वारी आणि उडदाचं प्रमाण काय घ्यायचं कुणी सांगेल का?

पऱ्हाटी: किलोला पाव. उडीद काळे, सालासकट.

धुळेकर_सुगरण: पाव कमी पडतो. आम्ही दोनास एक घेतो.

तापीकाठ: आत्ता दोन वांग्यांवर करून पाहिलं. मोठी आच, टोचे, चीर, चाळणी. खाली जवळजवळ अर्धी वाटी पाणी जमलं, चहासारखं दिसतंय. भरीत वाढून दहा मिनिटं झाली, ताट कोरडं आहे. ओटा मात्र काळ्या सालींनी भरलाय आणि घरात त्यावरून बोलणी खाल्ली. काड्यांसाठी यावलला फोन केलाय, 'आधी का नाही बोलला' म्हणाले. बारा जणांना किती किलो वांगी लागतील?

कोथरूडकर: पुण्याचे आहेत ना पाहुणे? दोन टोमॅटो आणून ठेवा, एवढंच सांगतो.

पऱ्हाटी: पाच किलो घे भो. आणि याला पाहुण्यांचा नंबर देऊ नको.