विचारांच्या सवयींचा गट: औषधांच्या जोडीला हवाच का?

नदीकाठची:
माझ्या धाकट्या भावाला सहा वर्षांपासून सिझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित घेतो. तरी समोरच्या वाड्यात कुणी हसलं की ते आपल्यालाच हसतात, ही त्याची खात्री हलत नव्हती. आई समजावून थकली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याला कर्वे रोडवरच्या एका मेटाकॉग्निटिव्ह ट्रेनिंगच्या, म्हणजे आपल्याच विचारांच्या सवयी ओळखायला शिकवणाऱ्या, गटात पाठवलं. सात जण, आठवड्याला तासभर. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे स्टेफन मॉरिट्झ आणि कॅनडातले टॉड वुडवर्ड यांनी हा कार्यक्रम तयार केला. त्याचं साहित्य फुकट मिळतं.

तिथे 'तुझं चुकतंय' असं कुणी म्हणत नाही. पडद्यावर एखादं चित्र रेषेरेषेनं उमटतं आणि 'आता सांगाल, की थांबाल?' एवढंच विचारतात. भाऊ दर वेळी घाईनं सांगून टाकायचा. एकदा समुद्रकिनाऱ्याचं चित्र दाखवलं आणि नंतर विचारलं, त्यात काय काय होतं? त्याला चेंडू पक्का आठवत होता. चित्रात चेंडू नव्हताच. त्या रात्री जेवताना तोच म्हणाला, "आई, वाड्यातलं हसणंही असंच असेल का गं?" असा प्रश्न त्याला सहा वर्षांत पडला नव्हता. संशय अजून येतो, पण आता तो थोडा थांबतो. प्रत्येक मानसोपचार ओपीडीत असा गट मराठीतून चालायला हवा.

कोथरूडकर:
ताई, भावाला बरं वाटतंय याचा आनंद आहे, पण 'प्रत्येक ओपीडीत' हे मला पटत नाही. २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात या ट्रेनिंगचा ठोस फायदा दिसला नव्हता. माझ्या मिस्टरांचा आजार उफाळला होता तेव्हा ते दहा मिनिटंही एका जागी बसत नव्हते. गटात कुठून बसणार? शिवाय पेठांमधून कोण कुठल्या दवाखान्याचा जिना चढतं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. त्याच माणसाला काम मिळवून देणारं केंद्र आधी द्या.

पर्वतीपायथा:
२०१६ वर थांबू नका. २०२२ च्या विश्लेषणात चाळीसहून जास्त अभ्यास आणि अठराशेच्या वर लोक होते. भ्रमांवर, म्हणजे न हलणाऱ्या चुकीच्या समजुतींवर, मध्यम परिणाम दिसला, नसलेले आवाज ऐकू येण्यावर कमी.

मी स्वतः नैराश्याच्या गटात बसले आहे. लेना येलिनेक यांच्या टीमनं केलेला तो वेगळा कार्यक्रम. ऑफिसात कुणी माझ्याशी बोललं नाही की 'माझंच काहीतरी चुकलं' हे मी क्षणात ठरवून मोकळी व्हायचे. तिथे त्याच प्रसंगाची आणखी कारणं सगळ्यांनी मिळून काढली. एक काका म्हणाले, "त्यांची दाढ दुखत असेल." मी कित्येक महिन्यांनंतर हसले. एकटीला सुचलं नसतं. औषधं मात्र मी सोडली नाहीत, कुणी सोडूही नयेत.

कोथरूडकर:
दाढेचं आवडलं. तरी कामाचं आधी, यावर मी ठाम आहे. आणि ताई, भावाचं इतकं खासगी इथे लिहिताना त्याला विचारलंत का?

नदीकाठची:
विचारलं. म्हणाला, "चेंडूचं लिहीच."