पडत्या काळात कुठली कला, कुठला कलाकार कामी आला? अनुभव लिहा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूला गर्दीत उभा होतो. दुसऱ्या दिवशी संगीत नाटकातले गायक-नट केशवराव यांची जयंती. शेजारी सत्तरीतले एक काका होते, त्यांनी तरुणपणी तिथं हौशी नाटकात शिपायाचं काम केलेलं, वाक्यं दोनच, आणि ती दोन्ही ते आगीकडं बघत पुटपुटत होते. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं थिएटर, पण मला त्या रात्री त्या दोन वाक्यांचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून डोक्यात होतं की हे एकदा सगळ्यांना विचारावं. मोठेच कलाकार पाहिजेत असं काही नाही हां. लिहा.

पेठेतला: आमचे आजोबा इथल्या जयप्रभा या सिनेमाच्या स्टुडिओचं सांगायचे. गांधीहत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत तो जळला आणि दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी परत उभा केला. घरात कुणाचं काय बुडालं की आजोबा तेवढंच बोलायचे आणि पान लावायला बसायचे.

कुंभार गल्ली: २०१९ चा पूर. गणपतीला महिना पण नव्हता राहिला, चतुर्थी २ सप्टेंबरला. पाणी चढायला लागलं तसं तालमीची पोरं आली आणि मूर्ती हातोहात माडीवर नेल्या, तरी खालच्या शाडूच्या राहिल्याच, त्यांचा नुसता चिखल झाला. पाणी उतरल्यावर वडील जे गप्प झाले ते झालेच. वाचलेल्या मूर्तींचं रंगकाम कसंबसं उरकलं पण डोळ्यांची आखणी वडीलच करायचे आणि त्यांचा हात थरथरायला लागला. आमच्या ओळखीचे एक रिटायर ड्रॉइंग सर रोज रात्री जेवून यायचे, दिव्याखाली बसायचे, आखणी करायचे, चहाशिवाय कशाला हात लावला नाही. आठव्या-नवव्या रात्री वडील मागून म्हणाले, "सर, डावा डोळा खाली आलाय." सरांनी ब्रश त्यांच्या हातात दिला आणि उठून चप्पल घातली.

चिखलीची लेक: त्याच पुरात आम्ही शाळेतल्या छावणीत. धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पंचगंगा ५५ च्या वर गेलेली. म्हशी कुठं आहेत पत्ता नाही, दप्तरं गेली, झोप कुणालाच नाही. एक दिवस काहीजण स्पीकर घेऊन आले, पोरांना नाचवलं, फोटो काढले, गेले. चांगल्या मनानं आले असतील, पण मला लई राग आला. नागपंचमी त्यातच ५ ऑगस्टला होऊन गेलेली, सण कुणाच्या ध्यानातच नव्हता. दोन दिवसांनी आमच्या गल्लीतल्या एक आजी व्हरांड्यात उगाच पंचमीचं गाणं म्हणायला लागल्या, मग दुसरीनं धरलं, मग कुणीतरी फुगडीला हात पुढं केला. आईनं फुगडी घातली आणि खाली बसून चार दिवसांनी पहिल्यांदा रडली. आजींना कलाकार म्हणायचं का? मी म्हणते.

सा_रे: माझं गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. परत आला तो घोगरा. रियाज बंदच केला. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट सांगितली, की कोल्हापूर दरबारात यायच्या आधी त्यांचाही आवाज असाच गेलेला, परत आला तो पहिल्यासारखा नव्हता आणि त्या बदललेल्या गळ्याला साजेल अशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली. मी काय खाँसाहेब नव्हे. पण दुसऱ्या दिवशी खालच्या पट्टीत तानपुरा लावला.

हलगीवाला: सगळं वाचलं, बरं वाटलं, पण कलाकाराला कोण सावरतंय ते बी लिवा की. २०२० ला जोतिबाची चैत्र यात्रा नाही, लग्नं नाहीत, एक सुपारी नाही. मी भाजीचा गाडा लावला. हलगी खुंटीला. पावसाळ्यात चामडं सादळतंय म्हणून मधनंआधनं जाळावर शेकायचो तेवढंच, वाजवायची इच्छाच नव्हती. एकदा पोरगं म्हणालं शेकलीयासा तर वाजवा की. वाजवली. समोरच्या माडीची खिडकी उघडली, म्हटलं आता शिव्या बसणार. वरनं आवाज आला, "थांबू नको, आमची म्हातारी ऐकायलीया."