मदत हवी आहे: गॅस गिझर पेटतो आणि मिनिटभरात विझतो

कोलशेतकर:
गेल्या आठवड्यापासून आमचा सहा लिटरचा गॅस गिझर नळ सोडल्यावर नुसता टिकटिक करत राहतो, चौथ्या-पाचव्या ठिणगीला कसाबसा पेटतो आणि मिनिटभरात विझतो. पेटलेला असतानाही पाणी कोमटच येते. दोन्ही सेल नवे घातले आहेत, त्यामुळे सेल बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नये. आईला सकाळी सहाला अंघोळीचे पाणी लागते आणि शेगडीवर पातेले तापवण्यात माझी रोजची लोकल चुकते आहे. कोणता भाग बदलायचा, एवढेच सांगावे.

पाणीदाब:
आपला मजला कोणता, हे लिहिलेले नाही. पाण्याच्या दाबाने डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, सरकतो, त्याने स्विच दाबला जातो आणि मगच ठिणगी पडून गॅस सुटतो. टाकीची उंची दर दहा मीटरला साधारण एक बार दाब देते, त्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावर हा त्रास हमखास होतो. गिझरच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवावी, तरीही फरक पडला नाही तर प्रेशर पंप बसवावा.

नेरुळनिवासी:
माझ्या मते गॅसचा नादच सोडावा. आमच्या सोसायटीने गच्चीवर सौर संच बसवले आहेत आणि पावसाळा वगळता कसलीही तक्रार नाही.

जुनी_नौपाडा:
सौर संचाविषयी कोणी विचारलेले नाही. पाणीदाब यांच्याशीही मी सहमत नाही, कारण टिकटिक होते आहे याचाच अर्थ स्विच दाबला जातो आहे आणि पाण्याने आपले काम केले आहे. दोष गॅसच्या बाजूला शोधायला हवा. कोलशेतकर, गॅस सिलिंडरचा आहे की पाइपचा? ज्योतीचा रंग कोणता? आणि गिझर टांगला आहे कुठे?

पाणीदाब:
दाब जेमतेम असेल तर स्विच लागतो आणि सुटतो, म्हणून विझतो. हे मी स्वतःच्या घरी अनुभवले आहे.

कोलशेतकर:
बारा मजली इमारतीत आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, पाणी जोरात येते. दहा दिवसांपूर्वीच कल्याणहून इथे आलो आणि गिझर तिथलाच आणला. तिथे सिलिंडर होता, इथे पाइप गॅस आहे. ओळखीच्या मेकॅनिकने नळी जोडून दिली. ज्योत बुटकी असते आणि विझण्याआधी पिवळसर होते. गिझर न्हाणीघरातच आहे, थंडीमुळे खिडकी बंद ठेवतो. काल आईला अंघोळ करताना चक्कर आली आणि डोके दुखले, पण ऑक्सिमीटरने ९८ दाखवले, त्यामुळे तो विषय वेगळा असावा.

जुनी_नौपाडा:
तो विषय मुळीच वेगळा नाही. कृपया गिझरच्या गॅसची चावी आत्ता बंद करा आणि आईंना आजच डॉक्टरांकडे न्या. बंद जागेत गॅस अर्धवट जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तात त्याने प्राणवायूची जागा घेतली तरी घरगुती ऑक्सिमीटरला तो फरक ओळखता येत नाही, म्हणून ९८ या आकड्यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.
आता मूळ प्रश्न. सिलिंडरच्या गॅसची उष्णता त्याच आकारमानाच्या पाइप गॅसच्या दुपटीहून अधिक असते आणि त्याचा दाबही जास्त असतो, म्हणून त्याच्या नोझलचे, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीचे, छिद्र बारीक असते. त्या छिद्रातून पाइप गॅस पुरेसा येत नाही. ज्योत बुटकी राहते, ज्योत पेटली आहे की नाही हे ओळखणाऱ्या संवेदकापर्यंत नीट पोहोचत नाही आणि गिझर स्वतःच गॅस तोडतो. नुसती नळी जोडून भागत नाही.

पाणीदाब:
मग नोझल बदलावी आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट फॅन लावावा, म्हणजे धूर निघून जाईल.

जुनी_नौपाडा:
दार-खिडकी बंद असताना तो पंखा गिझरच्या वरून निघणारा धूर उलट खोलीत ओढू शकतो. एक घनमीटर पाइप गॅस जळायला सुमारे दहा घनमीटर हवा लागते आणि सहा लिटरचा गिझर तासाभरात साधारण तेवढा गॅस जाळतो. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात सगळी मिळून जेमतेम आठ घनमीटर हवा असते. अशा जागी गिझर नकोच. तो ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरालगतच्या उघड्या गॅलरीत, टांगावा, आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी आणि जोडणी पाइप गॅसच्या कंपनीला कळवून तिच्याच माणसाकडून करून घ्यावी.

कोलशेतकर:
चावी त्याच क्षणी बंद केली. डॉक्टरांनी रक्त तपासले, आईला प्राणवायू लावून रात्रभर ठेवून घेतले आणि आज दुपारी ती घरी आली आहे. आता डोके दुखत नाही. गिझरच्या पत्र्यावर ‘एलपीजी’ असे ठळक छापलेले होते, ते मी आज प्रथमच पाहिले. गिझर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला की या मॉडेलला पाइप गॅसची नोझल मिळत नाही, त्यामुळे नवीन घेऊन ड्राय बाल्कनीतच लावणार आहोत. पाणीदाब, जुना उतरवताना जाळीही पाहिली. ती क्षाराने अर्धी बुजलेली होती, तेव्हा नव्याची मी दर महिन्याला धुईन. ड्राय बाल्कनीतून न्हाणीघरापर्यंत अंतर बारा फूट आहे, एवढ्या नळीत पाणी फार निवते का, हे कोणी अनुभवाने सांगावे.